ज्योतींतील हजेरी : धातु मोजतांना होणारी फसगत व तिचा बंदोबस्त



शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत डोंगरउतारावर जी वरकस जमीन आहे, तिच्यांत नाचणी आणि वरी यांचेंच राज्य. त्या नाचणीच्या भाकरीवर वाड्यापाड्यांतील कित्येक कुटुंबें पिढ्यान् पिढ्या जगत आलीं आहेत. बाळंतिणीला नाचणीची पेज द्यावी, तान्ह्या मुलाला दांत येऊं लागले कीं नाचणीचें सत्त्व चारावें, म्हणजे हाडें घट्ट होतात, असें आमच्याकडील म्हाताऱ्या बायका सांगत आल्या. त्यांनीं रसायनशास्त्राचा अभ्यास केला नव्हता. पण शास्त्रानें पुढें त्यांच्याच म्हणण्यावर शिक्कामोर्तब केलें. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम नाचणींत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे आपल्या व्यवहाराच्या भाषेंत चुन्याचा अंश, दाखविला आहे. गिरणींतून सडून आलेल्या तांदळांत तो अवघा १० मिलिग्रॅम आहे. २०१७ सालीं त्याच संस्थेनें नवीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, त्यांत नाचणीचा आंकडा ३६४ आहे.

आतां प्रश्न असा कीं, असले आंकडे काढतात कसे? चुना कांहीं नाचणीच्या दाण्यांत खड्यासारखा दिसत नाहीं, कीं वेंचून तराजूंत घालावा. तो मोजावयाचा तर दाण्याची राख करावी लागते, राख आम्लांत विरघळवावी लागते, आणि त्या द्रावणाची परीक्षा करावी लागते. परीक्षेच्या रीती अनेक आहेत. त्यांपैकीं जगभरच्या प्रयोगशाळांतून रूढ असलेली एक रीति म्हणजे ज्योतीच्या साह्यानें धातु मोजण्याची. तिला ज्योत-अणुशोषण-पद्धति असें नांव आहे. यंत्र उत्तम आहे, झपाट्यानें काम करतें, आणि दहा लाख भागांत एखादा भाग धातु असला तरी तो दाखवितें. परंतु त्याला एक खोड आहे. द्रावणांत धातूच्या शेजारीं दुसरे कोणते पदार्थ आहेत, त्यावर त्याचें उत्तर बदलतें. आणि उत्तर चुकलें तरी तें तितक्याच ठामपणें, तितक्याच दशांशस्थळांपर्यंत सांगतें. ही फसगत कशी होते आणि जाणते रसायनज्ञ तिचा बंदोबस्त कसा करतात, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

चुलींत मिठाची चिमूट टाकली तर जाळ क्षणभर पिवळा होतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. तो पिवळा रंग मिठांतील सोडियम धातूचा. तांब्याचा क्षार ज्योतींत धरला तर ती हिरवी होते. चुन्याचा क्षार धरला तर विटेसारखा तांबूस रंग येतो. प्रत्येक धातूचा रंग ठरलेला. १८६० च्या सुमारास जर्मनींतील हायडेलबर्ग येथें बुन्सेन आणि किर्खोफ या दोघां पंडितांनीं अशा ज्योतींचा प्रकाश लोलकांतून पाहिला, आणि धातूंची ओळख पटविण्याचें एक शास्त्रच उभें केलें. त्यांच्या कामांतून आणखी एक मोठी गोष्ट निष्पन्न झाली. धातूची तापलेली वाफ ज्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकते, नेमक्या त्याच रंगाचा प्रकाश बाहेरून आला तर ती तो गिळतेही. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत ज्या काळ्या रेघा दिसतात, त्या या गिळण्याच्याच खुणा होत. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण झालें, तेव्हां पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनीं वर्णदर्शक रोखून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा प्रकाश तपासला, तो याच विद्येच्या बळावर.

आकाशांतील ही विद्या मोजमापाच्या टेबलावर आणण्याचें श्रेय ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञ ॲलन वॉल्श यांजकडे जातें. धातूच्या वाफेनें किती प्रकाश गिळला, तें मोजून धातूचें प्रमाण काढण्याची रीति त्यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केली. यंत्राची रचना थोडक्यांत अशी. एका टोकाला दिवा असतो. हा दिवा साधा नव्हे. कॅल्शियम मोजावयाचें असेल तर दिव्याच्या पोटांत कॅल्शियमच असतें, आणि तो कॅल्शियमचाच खास प्रकाश, ४२२.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा, देतो. जस्त मोजावयाचें तर दिवा जस्ताचा घ्यावा लागतो. मध्यें दहा सेंटिमीटर लांबीच्या फटींतून निघालेली, हवा आणि ॲसिटिलीन वायु यांची, पडद्यासारखी चपटी ज्योत असते. तिचें तापमान सुमारें २३०० अंश सेल्सिअस. दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारें साधन असतें.

द्रावण एका बारीक नळींतून ओढलें जातें आणि त्याचे तुषार होऊन ते ज्योतींत शिरतात. मोठे थेंब वाटेंतच गळून पडतात. दहा भागांतील एखादाच भाग ज्योतीपर्यंत पोंचतो. तेथें थेंबांतलें पाणी उडून जातें, मागें क्षाराचा सूक्ष्म कण उरतो, तो कण वितळतो, त्याची वाफ होते, आणि वाफेंतील रेणु फुटून धातूचे अणु मोकळे होतात. हें सारें सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागांत उरकावें लागतें, कारण तेवढ्यांत ज्योतीचा झोत त्या कणाला वर घेऊन जातो. मोकळा झालेला अणु दिव्याचा प्रकाश गिळतो. मोकळे अणु जितके अधिक, तितका पलीकडे पोंचणारा प्रकाश कमी. ज्यांचें प्रमाण आपणांस ठाऊक आहे अशीं द्रावणें आधीं लावावयाचीं, त्यांवरून मोजपट्टी आंखावयाची, आणि मग अज्ञात नमुना लावून त्या मोजपट्टीवर त्याचें स्थान पाहावयाचें. अशा ठाऊक द्रावणांना प्रमाणद्रावणें म्हणतात.

येथें ‘मोकळे’ हा शब्द श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत धरावा. सगळी गोम त्यांत आहे. यंत्र नमुन्यांतील सर्व कॅल्शियम मोजीत नाहीं. ज्योतींत जेवढें मोकळें झालें तेवढेंच मोजतें.

मी जन्मभर मुलांची हजेरी घेतली, म्हणून मला हजेरीचाच दाखला सुचतो. आमच्या सापगांवच्या कांठानें भातसा नदी वाहते. गुरुजी नांव पुकारतात, वर्गांत बसलेला मुलगा ‘हजर’ म्हणून ओ देतो. पण मित्राचा हात धरून नदीवर डुंबायला गेलेला मुलगा गांवांत असूनही हजेरीपटावर गैरहजर लागतो. त्या दिवशींच्या हजेरीवरून गांवांत मुलें किती, हें कोणी ठरवूं गेल्यास त्याचा आंकडा खोटा निघेल, आणि गंमत अशी कीं हजेरीपट मात्र अगदीं बिनचूक भरलेला असेल. ज्योतींतील हजेरी अशीच आहे. कॅल्शियमचा जो अणु दुसऱ्याचा हात सोडीत नाहीं, तो नमुन्यांत असूनही ओ देत नाहीं.

हा हात धरणारा मित्र कोण? कॅल्शियमच्या बाबतींत त्याचें मुख्य नांव फॉस्फेट. थेंब वाळतांना कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा जो क्षार बनतो, तो मोठा चिवट असतो. ज्योतींत मिळणाऱ्या क्षणभराच्या मुदतींत त्याचा पुरता भंग होत नाहीं. दुसरा मित्र सिलिका, म्हणजे वाळूंतील मुख्य द्रव्य. तिसरा ॲल्युमिनियम. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम यांची ॲल्युमिनियमशीं गांठ पडली म्हणजे जीं संयुगें होतात, तीं भट्टीच्या अस्तराच्या विटेसारखीं उष्णतेला दाद देत नाहींत. गंधकाम्लाचे क्षारही कमीअधिक प्रमाणांत हाच उपद्रव करतात. या प्रकाराला रासायनिक अडथळा असें नांव आहे. यंत्राची कांच मळकी असणें, नळी तुंबणें, दिवा जुना होणें, हे दोष निराळे. ते साफसफाईनें जातात. रासायनिक अडथळा नव्या कोऱ्या यंत्रांतही असतो.

या दृष्टीनें नाचणीकडे पाहिलें म्हणजे मोठी चमत्कारिक गोष्ट दिसते. मघां सांगितलेल्या जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम नाचणींत फॉस्फरस २८३ मिलिग्रॅम दिला आहे. कॅल्शियमच्या अणूचा भार ४० आणि फॉस्फरसच्या अणूचा ३१ धरूं. ३४४ ला ४० नें भागलें तर ८.६ येतात, २८३ ला ३१ नें भागलें तर ९.१ येतात. म्हणजे नाचणींत कॅल्शियमच्या प्रत्येक अणूमागें फॉस्फरसचा जवळजवळ एक अणु उभाच आहे. ज्या धान्याची कीर्ति चुन्याबद्दल, त्याच धान्यांत चुन्याला ज्योतींत लपवून ठेवणारा सोबती तितक्याच संख्येनें हजर! दूध आणि हाडें यांचीही कथा हीच. तेथेंही कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्रच नांदतात.

पाण्याची गोष्ट घ्या. आपल्या विहिरी काळ्या पाषाणांत खोदलेल्या असतात. हा दख्खनचा बेसॉल्ट दगड सिलिकेटांचाच बनलेला आहे. त्यांतून झिरपून आलेल्या पाण्यांत थोडीबहुत सिलिका विरघळलेली असतेच. डोंगरउतारावरील तांबूस मातीचा अर्क आम्लांत काढला तर चुन्याबरोबर लोह आणि ॲल्युमिनियम हींही उतरतात. तात्पर्य, आपल्या भागांतील धान्य, पाणी आणि माती या तिन्ही ठिकाणीं कॅल्शियमला कोणी ना कोणी हात धरणारा आहेच.

मात्र सर्व धातूंची प्रकृति सारखी नसते. जस्त आणि तांबें यांचे क्षार या ज्योतींत सहज फुटतात; त्यांना असा अडथळा फारसा बाधत नाहीं. १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेंत मातीची १२ बाबींवर परीक्षा ठरविलेली आहे; त्यांत जस्त, तांबें, लोह आणि मँगेनीज हे चार धातु आहेत. यांपैकीं जस्त-तांब्याविषयीं रसायनज्ञाला फारशी चिंता नसते. लोह आणि मँगेनीज यांना सिलिका थोडी दडपते, म्हणून सिलिका असलेल्या नमुन्यांत त्यांच्यासाठीं कॅल्शियमच्या क्षाराची भर घालतात. सिलिका कॅल्शियमशीं गुंतते आणि हे दोघे सुटतात. जें कॅल्शियम स्वतः फॉस्फेटच्या हातीं सांपडतें, तेंच येथें दुसऱ्याची सुटका करतें.

आतां बंदोबस्ताकडे वळूं.

पहिला आणि सर्वांत प्रचारांतला उपाय म्हणजे सुटका करणारा पदार्थ घालणें. कॅल्शियमसाठीं हें काम लॅन्थॅनम नांवाच्या धातूचा क्षार उत्तम करतो. त्याला फॉस्फेटची ओढ कॅल्शियमपेक्षां अधिक, आणि तो घालावयाचाही भरपूर. त्यामुळें थेंब वाळतांना फॉस्फेट लॅन्थॅनमशीं जडतें आणि कॅल्शियम मोकळें राहतें. हजेरीच्या भाषेंत बोलावयाचें, तर नदीवर ओढून नेणाऱ्या मित्राला दुसरा सोबती मिळाला आणि आपला विद्यार्थी वर्गांत येऊन बसला. हा धातु स्वीडनमधील रसायनज्ञ मोझांडर यांनीं १८३९ सालीं शोधून काढला. दुसऱ्या एका द्रव्याच्या आड तो दडून बसलेला होता, म्हणून ‘दडून राहणें’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें. जो स्वतः दडून राहिला, तोच आज दडलेल्या कॅल्शियमला उजेडांत आणतो. आपल्या देशांत केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूंत तो सांपडतो. लॅन्थॅनमऐवजीं स्ट्रॉन्शियमचा क्षारही चालतो.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून सांगतों : पाण्याच्या परीक्षेंत शंभर मिलिलिटर नमुन्याला शेंकडा पांच लॅन्थॅनम असलेलें दहा मिलिलिटर द्रावण घालण्याची वहिवाट आहे. तें द्रावण लॅन्थॅनम ऑक्साइडपासून करतात. पूड आधीं थोड्या पाण्यानें भिजवून मग तिच्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल अगदीं सावकाश घालावें लागतें, नाहीं तर तें खदखदून उसळतें.

येथें एक पथ्य असें आहे कीं, तें मोडलें तर सगळा खटाटोप फुकट जातो. जेवढें लॅन्थॅनम नमुन्यांत, तेवढेंच प्रत्येक प्रमाणद्रावणांत आणि तेवढेंच कोऱ्या द्रावणांत घातलें पाहिजे. कोरें द्रावण म्हणजे ज्यांत नमुना नाहीं, पण बाकी सर्व आहे असें द्रावण. याचें कारण असें कीं, लॅन्थॅनमच्या बाटलींतही कॅल्शियमचा लेश असूं शकतो. कोऱ्या द्रावणांत तो दिसला म्हणजे वजा करतां येतो. तें कोरें लावलेंच नाहीं, तर बाटलींतला चुना नाचणीच्या खात्यावर जमा होतो.

दुसरा उपाय संरक्षणाचा. ई.डी.टी.ए. नांवाचें एक सेंद्रिय द्रव्य आहे. पाण्याचा जडपणा काढण्याच्या प्रयोगांत महाविद्यालयांतील विद्यार्थी तें वापरतात. तें कॅल्शियमला चोहों बाजूंनीं कवेंत घेतें, फॉस्फेटला जवळ येऊं देत नाहीं, आणि ज्योतींत शिरतांच स्वतः जळून जाऊन कॅल्शियम मोकळें करतें. वॉल्श यांचे सहकारी जॉन विलिस यांनीं १९६० सालीं रक्तद्रवांतील कॅल्शियम ज्योतीनें मोजण्याची रीति प्रसिद्ध केली. रक्तांतही फॉस्फेट असतेंच. म्हणून अशा अडथळ्यांचा विचार या पद्धतीच्या बाल्यावस्थेंतच सुरू झाला.

तिसरा उपाय अधिक कडक ज्योतीचा. १९६५ सालीं याच विलिस यांनीं हवेच्या ऐवजीं नायट्रस ऑक्साइड वायु वापरून ॲसिटिलीनची ज्योत पेटविण्याची रीति दाखविली. तिचें तापमान सुमारें २७०० अंशांच्या पुढें जातें. इतक्या उष्णतेंत फॉस्फेटचीच काय, ॲल्युमिनियमचीही मिठी सुटते. पण एक संकट टळलें म्हणजे दुसरें उभें राहतें. या ज्योतींत कॅल्शियमचा अणु मोकळा तर होतोच, पण उष्णतेच्या भरांत आपला एक इलेक्ट्रॉन गमावून बसतो. असा विजेनें भारलेला अणु आपल्या दिव्याचा प्रकाश ओळखीत नाहीं. म्हणजे पुनः गैरहजर. याला आयनीभवनाचा अडथळा म्हणतात. त्याच्यावर तोडगा असा कीं, पोटॅशियम किंवा सीझियम यांसारखा, इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकणारा धातु द्रावणांत भरपूर घालावा. त्याच्या इलेक्ट्रॉनांनीं ज्योत भरून गेली म्हणजे कॅल्शियमचे इलेक्ट्रॉन सहसा जात नाहींत.

हें पोटॅशियम नमुन्यांत आणि प्रमाणद्रावणांत सारखें नसेल तर काय होतें, तें नाचणीच्याच उदाहरणावरून दिसेल. नाचणीच्या राखेंत पोटॅशियम मुळांतच पुष्कळ असतें. तिच्या द्रावणांतील कॅल्शियम म्हणून आपोआप सुरक्षित राहतें. पण शुद्ध पाण्यांत केलेल्या प्रमाणद्रावणांत पोटॅशियम नसतें, तेथें कॅल्शियमची गळती होते. आंखलेली मोजपट्टीच अशी तोकडी पडली, कीं नाचणीचा चुना खऱ्याहून जास्त दिसतो. थंड ज्योतींत फॉस्फेटमुळें कमी, उष्ण ज्योतींत पोटॅशियममुळें जास्त; नाचणी तीच, दोन यंत्रांवर दोन भाव! यावरून लक्षांत येईल कीं, नुसती ज्योत बदलून भागत नाहीं. नमुना आणि प्रमाणद्रावण यांना एकाच संगतींत ठेवणें हाच या सर्व उपायांचा पाया आहे.

चौथी रीति भर घालण्याची. नमुन्यांत नेमकें काय काय आहे हें ठाऊक नसेल, तर त्याच्यासारखें प्रमाणद्रावण करणें कठीण. अशा वेळीं मोजपट्टी नमुन्यांतच आंखतात. नमुन्याचे सारखे भाग करून एकांत कांहींच घालावयाचें नाहीं, दुसऱ्यांत ठाऊक असलेलें कॅल्शियम घालावयाचें, तिसऱ्यांत त्याच्या दुप्पट. समजा, मूळ नमुना दर लिटरला ३ मिलिग्रॅम दाखवितो. त्यांत २ मिलिग्रॅमची भर घातली. हिशेबानें ५ यावयास हवे, पण यंत्र ४.२ दाखवितें. घातले २, दिसले १.२; म्हणजे शंभरांतले साठच ओ देतात. मूळच्या कॅल्शियमचीही तीच गत झाली असेल, तर दिसलेले ३ हे खरोखर ५ आहेत.

या रीतीलाही मर्यादा आहे. घातलेलें कॅल्शियम आणि मूळचें कॅल्शियम यांना अडथळा सारख्याच प्रमाणांत झाला, तरच हिशेब जुळतो. भर घालीत गेल्यावर फॉस्फेट पुरेनासें झालें, तर मागाहून आलेलें कॅल्शियम अधिक मोकळें राहील आणि आलेख वांकडा होईल. म्हणून आलेख सरळ येतो कीं नाहीं हें पाहावें, आणि आधीं लॅन्थॅनम घालून मगच भर घालावी. शिवाय ज्योतींतील धुरामुळें किंवा न वितळलेल्या कणांमुळें जो प्रकाश फुकट अडतो, तो या रीतीनें वजा होत नाहीं. त्याची सोय यंत्रांत वेगळी करावी लागते.

उपाय योजल्यावर तो लागू पडला कीं नाहीं, याचा पडताळा घेतल्यावांचून काम पुरें झालें असें म्हणतां येत नाहीं. पडताळ्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक आतांच सांगितली : ठाऊक भर घालून ती पुरती परत मिळते कीं नाहीं, तें पाहणें. दुसरी विरलनाची : द्रावण पांचपट पातळ करावें, आलेलें उत्तर पांचानें गुणावें, आणि मूळ उत्तराशीं ताडून पाहावें. पातळ द्रावणाचे थेंब वाळले म्हणजे कण बारीक उरतात आणि ज्योतींत लवकर फुटतात. म्हणून अडथळा असेल तर गुणून आलेला आंकडा मूळच्याहून मोठा निघतो. दोन्ही सारखे निघाले तर बरेंचसें निर्धास्त व्हावें. याशिवाय ज्योतीचा संबंधच नसलेली एक जुनी रीति आहे. कॅल्शियमचा ऑक्झलेटच्या रूपानें पांढरा सांका पाडून, तो धुऊन आम्लांत विरघळवून, जांभळ्या परमँगनेटच्या द्रावणानें त्याचें माप घेतात. तिला वेळ लागतो. पण दोन अगदीं भिन्न वाटांनीं निघालेले प्रवासी एकाच गांवीं पोंचले, तर गांव खरा समजण्यास हरकत नाहीं.

कोणी म्हणेल, कीं प्रयोगशाळेंतल्या या बारकाव्यांशीं डोंगरावरच्या बाईला काय करावयाचें आहे? तिच्याशींच तर याचा संबंध आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत अंगावर पाजणाऱ्या मातेला दररोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलें आहे. तिनें दिवसाकांठीं २०० ग्रॅम नाचणी खाल्ली, तर जुन्या कोष्टकाच्या हिशेबानें तींतून ६८८ मिलिग्रॅम मिळतात, म्हणजे निम्म्याहून अधिक. आतां उदाहरणादाखल समजा, कीं एखाद्या बेसावध परीक्षकाच्या ज्योतींत तिसरा हिस्सा दडून राहिला. मग कागदावर ४६० च्या आंतच आंकडा उतरेल. नाचणींत सांगतात तितकें कांहीं नाहीं, असा शेरा बसेल. आणि त्या कागदावरून अंगणवाडीचा आहार ठरविणारा माणूस तिची भाकरी काढून दुसरें कांहीं घालील. घरांत असलेलें धन कागदावर नाहींसें होईल.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. चूक सर्वत्र सारखी असती, तर निदान तुलना तरी खरी ठरली असती. पण फॉस्फेट कमीजास्त असेल तशी चूक कमीजास्त होते. दापोली येथें १९७२ सालीं कोंकण कृषि विद्यापीठ स्थापन झालें. अशा संस्थांतून भाताच्या आणि नाचणीच्या जाती निवडण्याचें काम चालतें. निवड करतांना दोन जातींचा चुना ताडून पाहावयाचा असेल, आणि एकीत चुना व फॉस्फरस दोन्ही अधिक असतील, तर अडथळ्याचा बंदोबस्त न केलेल्या ज्योतींत तीच जात हलकी दिसण्याचा संभव आहे. खरी सरस जात नापास होईल आणि निरस जातीचें बियाणें शेतांत जाईल. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. तेव्हांपासून नाचणीच्या पिशव्यांवर कॅल्शियमचे आंकडे छापलेले बाजारांत दिसतात. आंकडा छापणें सोपें आहे. तो आला कसा, हें विचारणारा गिऱ्हाईक विरळा.

म्हणून शाळांतील विज्ञानशिक्षकांना, शेतकरी मंडळांना आणि बचतगटांच्या भगिनींना माझें सांगणें एवढेंच आहे. धान्य, पाणी किंवा माती यांची परीक्षा करून घ्याल, तेव्हां कागदावरचा आंकडा वाचून थांबूं नका. परीक्षकाला नम्रपणें तीन प्रश्न विचारा. कॅल्शियम ज्योतीनें मोजलें असेल, तर लॅन्थॅनम किंवा दुसरा सोडवणारा पदार्थ नमुन्यांत आणि प्रमाणद्रावणांत सारखा घातला होता काय? कोरें द्रावण लावून त्याचा आंकडा वजा केला काय? ठाऊक भर घालून ती शेंकडा किती परत मिळाली? चांगल्या परीक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाहीं. त्याच्या वहींत उत्तरें आधींच लिहिलेलीं असतात, आणि तो वही उघडून दाखवितो. जेथें उत्तर मिळणार नाहीं, तेथें नमुन्याचा अर्धा भाग राखून ठेवावा व दुसरीकडून पुनः परीक्षा करून घ्यावी.